दहा जणांच्या काचेचा पेला

४ फेब्रुवारी १९५१
फुटला! प्रार्थनालयातल्या दिव्याचा पेला. आज सकाळी पुसताना माझ्याच हातून निसटला. तीस वर्षं पनवेलची फुटकी काच गोळा करून भट्टीला घालतोय मी — पण हे तुकडे पोत्यात टाकवेनात.

५ फेब्रुवारी
नाथनचे इस्राएलला जायचे कागद आले. पोरगा हरखलाय. पण आम्हा ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, नि आम्ही उरलोय मोजून दहा.
"बाबा, तुम्हीपण चला ना."
म्हटलं, आधी दिव्याचं बघू दे.

८ फेब्रुवारी
सुचलं! जुन्या तुकड्यांत दहाही जणांची थोडी थोडी काच घालायची, नवा पेला ओतून घ्यायचा. ज्याची काच दिव्यात, त्याचा पाय कसा निघेल? नाथनची आई हदासा वारल्यापासून तिचा कंदील मी पेटवला नव्हता. त्याची काच काढली. नाथनने शाळेतली शाईची दौत दिली. हसला. "मला दौतीत कोंडताय होय, बाबा!"
मी हसलो नाही.

११ फेब्रुवारी
बाकीच्या आठ जणांचीही काच घेऊन भट्टीवर गेलो. दयाराम मिस्त्रीने पिशवी उलटी केली नि कपाळाला हात लावला. "मनासेकाका, तुमाला मी सांगायचं? कंदिलाची काच येगली, बाटलीची येगली. वितळंल, पन येकजीव नाय व्हनार. तडकनार हाय."
मला का ठाऊक नव्हतं? जन्मभर काच निवडून वेगळी करत आलो. तरी म्हटलं, "घाल तू."

१६ फेब्रुवारी
पेला आला. फिकट हिरवा, जरा वाकडा. शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत दिवा लावला. सगळे बघत राहिले. नाथन सर्वांत जास्त वेळ.

१८ फेब्रुवारी
काल प्रार्थना चालू असतानाच — टक्क! खोबरेल भिंतीवरून ओघळलं. नवा पेला तडकला होता.
घरी येताना नाथन खाली बघत म्हणाला, "बाबा, मी राहतो. कागद परत करतो."
हवं होतं ते मिळालं. मग पोराचा पडलेला चेहरा का बघवत नाही?

२० फेब्रुवारी
नाथनची ट्रंक मीच माळ्यावरून काढली. "कागद परत करायचे नाहीत," म्हटलं. नाथनने आईचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत ठेवला.
दयारामकडून साधा पेला आणलाय, नुसत्या बाटल्यांच्या काचेचा. दिवा नीट लागतो.
बोट सुटली की आम्ही नऊ. प्रार्थना मग ज्याची त्याने मनात म्हणायची.