कंबरदुखीचं खोटं

चिमणे,

मी सांगतेय, तुझी आई लिहितेय. अक्षर चांगलं असेल तर तिचं, मजकूर वाह्यात असेल तर माझा.

तुझ्या लेकीला बघायला आले तेव्हा तू तिला माझ्या हातात द्यायला निघालीस आणि मी म्हणाले, कंबर धरलीय. तुझा चेहरा उतरला. कंबर ठणठणीत आहे गं. तळव्यांवरचं सोरायसिस खाजवून खाजवून रक्ताळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगितलंय, हा हात लावल्याने पसरणारा रोग नाही. डोक्याला पटतं, हातांना पटत नाही. निघताना मी तुझी खुर्चीसुद्धा पुसली, माझ्या कातडीचा कोंडा राहू नये म्हणून. तुला वाटलं, आजीला स्वच्छतेची भारी हौस. लोक बाजूला सरकण्याआधी आपणच सरकायची सवय लागलीय मला.

आत्ता तुझी आई लिहायची थांबली. म्हणते, "सासूबाई, हे पाठवायचं नाही. उद्या आपणच जाऊ." तीस वर्षांत पहिल्यांदाच मी तिचं ऐकतेय, हेही तिने हौसेने लिहून घेतलंय.

तेव्हा पत्र टपालाने नको, मीच घेऊन येते. मी पुन्हा कंबर म्हणाले तर ऐकू नकोस. लेक माझ्या हातात दे आणि पाणी आणायला आत जा. सावकाश ये.

तुझी खोटारडी आजी