बेसिनमधलं लाल पाणी

शुक्रवार, अमरावती

दर्यापूरची रुखसाना आज दातांच्या तारा दाखवायला आली. हिरड्या सुजलेल्या, तारांभोवती जंतूंचा पिवळा थर. तारांऐवजी मी काढून धुता येणारे पारदर्शक साचे बसवले असते, तर इतकी घाण साचली नसती का?

मी रागावले, "ब्रश काहून नाही करत तू?"

"रक्त येते ना, मॅडम. अब्बाले फवारणीचं औषध बाधलं, तवा त्यायच्या तोंडातून असंच आलं होतं. मंग ते दवाखान्यातून घरी आलेच नाही."

ब्रश न केल्यामुळेच रक्त येतं, हे हिला कोणत्या तोंडानं सांगू? तरी सांगितलं. तिचा हात धरून हळूहळू ब्रश फिरवला. बेसिनमधलं पाणी लाल झालं. ती त्याकडे बघत राहिली. डोळे मीच मिटले.