रिझल्ट टाइप : स्ट्रिंग

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. वृद्धाश्रमाचं काम संपलं. कुणाची तब्येत बिघडली की आश्रमवाले एक्सएमएल फाइल पाठवतात, माझा कोड त्यातून नातेवाइकांचे नंबर काढतो, मेसेज जातो. आपले आप्पा तिथेच असतात, म्हणून जरा जीव ओतून केलं.

माझं काम तपासणाऱ्या टेस्टरबाई मागे लागल्यात. म्हणे, नंबर शोधणाऱ्या क्वेरीला रिझल्ट टाइप 'स्ट्रिंग' दिलाय, म्हणजे नंबर चार असले तरी पहिलाच हाती लागणार, बाकीचे गपचूप गळणार, एररसुद्धा येणार नाही. स्ट्रिंग नको, यादी मागा. म्हटलं, टेस्ट पास झाली ना? तर म्हणाल्या, तुमच्या टेस्टमधल्या आजोबांना एकच मुलगा आहे. नाही ते उकरून काढायची सवय असते एकेकाला.

७ मार्च
सिस्टम सुरू. साहेबांनी पाठ थोपटली. टाइप सोमवारी बदलेन.

११ मार्च
सोमवार गेला. बायको विचारते, आप्पांकडे कधी जाणार? रविवारी नक्की. गेला रविवार टाळला, कारण दादा येतो. आप्पांना घरी ठेवायची दोघांचीही तयारी नव्हती, बोलणी मात्र मी एकट्याने खाल्ली. त्याचं तोंड बघायचं नाही.

बायको म्हणाली, अचानक काही झालं तर? मला हसूच आलं. यादीत दादाच्या खाली माझा नंबर आहे. माझंच सॉफ्टवेअर मला हलवून उठवेल. इतका सज्ज मुलगा शोधून सापडायचा नाही.

२० मार्च
एकही तक्रार नाही! टेस्टरबाईंना मुद्दाम ऐकवलं. म्हणाल्या, ज्याला मेसेजच गेला नाही तो तक्रार कशाची करणार? खवचट बाई.

रविवार जमला नाही. डोकं दुखत होतं. पुढचा नक्की.

२६ मार्च
दादाचा फोन. नाव बघून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला.

आप्पा गेले. काल. सगळं उरकून फोन करत होता. मी ओरडलो, आधी तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? तो शांतपणे म्हणाला, मेसेजखाली लिहिलं होतं, 'सर्व नातेवाइकांना कळवले आहे'. वाटलं, माझ्यावरच्या रागाने आला नाहीस.

ते वाक्य मीच घातलंय. छान दिसतं म्हणून.

दारात पाऊल वाजलं की आप्पा विचारायचे, धाकटा आला का? दादा सांगायचा, निरोप गेलाय, निघाला असेल. दोन दिवस तेच.

फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडलो. नेटवर्कचा घोळ असणार. मोबाइल कंपनीला खरमरीत मेल टाकायचा.

२८ मार्च
कामावर. मेल नाही टाकला. टाइप बदलला. स्ट्रिंगच्या जागी यादी. चहा निवायच्या आत काम झालं. चालतंय का बघायला आश्रमाची सगळ्यात वरची, शेवटी आलेली फाइल पुन्हा सोडली. कुणाची, ते पाहिलं नाही.

फोन वाजला. 'आपल्या वडिलांची प्रकृती चिंताजनक आहे. ताबडतोब यावे.'

उठलो. टेस्टरबाईंना म्हटलं, आप्पांकडे जाऊन येतो, उशीर होईल.

गाडी सुरू केली तेव्हा लक्षात आलं. तोवर दादाचा फोन वाजायला लागला होता. मेसेज त्यालाही गेला होता.