आप्पा गाडीत बसले नाहीत
गुरुवार, संध्याकाळ. महाळुंगे पडवळ

माझी टर्बो गाडी इथेनॉलवरही चालेल अशी आज नारायणगावात करून आणली. इंजेक्टर मोठे बसवले, इंधनाच्या पाइपात सेन्सर टाकला. पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, ते आता गाडीच ओळखते. काय ओढते राव! खुशीत वडिलांना म्हटलं, "आप्पा, चला, पेठपर्यंत चक्कर मारू."

आप्पांनी टाकीपाशी वास घेतला. हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला.

"ह्यो तर दारूचा वास. मी माळकरी माणूस, मी न्हाई बसणार."

हसूही आलं, रागही. म्हणालो, "दारू नाय आप्पा, इंधन हाय. आन् आपल्याच उसाचं बनतं. कारखान्यात गेलेल्या उसाची नुसती साखरच व्हते का?"

वाटलं, जिंकलो. आप्पांचा हात अजून माळेवरच. मग शेताकडं बघत हळूच म्हणाले, "म्हंजी इतकी वर्सं मी ह्येच पिकवत व्हतो व्हय?"

कशाला बोललो मी एवढं? त्यांना नुसतं बसा म्हणायचं होतं.

रोज उसाला फेरी मारून आल्याशिवाय आप्पा ताटावर बसत नाहीत. आज तसेच बसले.