नऊ नंबरला राख!

तीर्थस्वरूप आप्पादादांना कडूचा पाया पडून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? लिंबागणेशला ऊन उतरलं का? वनमालावहिनींचा खोकला थांबला असेल. मी बरी आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच "ठेव आता" म्हणता येत नाही.

दादा, आपली प्रियदर्शनी कोच झाली! माझी लेक कॉलेजात फुटबॉल खेळायची (तुम्ही त्याला "लाथा मारणं" म्हणायचात), आता सिरसाळ्याच्या पोरींना शिकवते. एका संस्थेनं तीन महिन्यांसाठी घेतलंय. येत्या रविवारच्या स्पर्धेत अकरा पोरी मैदानात उतरल्या तर काम कायम, नाहीतर रामराम. (सात जणींवरही सामना सुरू होतो, नियमांचं पुस्तक मी स्वतः दोनदा वाचलंय. पण संस्थेला अकराच पाहिजेत.)

गेल्या आठवड्यात तेलगावच्या पोरींशी सरावाचा सामना झाला. प्रिया कडेवरून ओरडत होती, "नऊ नंबरला मार्क कर!" आमची बबिता, मेंढपाळाची पोर, भर खेळात थांबून विचारते, "किती मार्काचं हाय, ताई?" मला राहवलं नाही. मी ओरडले, "अगं, तिला राख, राख!" (चूक माझी, कबूल.) राखणं म्हणजे काय हे बबिताला कुणी शिकवायला नको. त्या नऊ नंबरला तिनं चेंडू शिवू दिला नाही. पाय मुरगळून ती पोरगी बाहेर गेली, तर ही मागं. ती लिंबाखाली बसली, ही शेजारी. ती नळावर, ही नळावर. शेवटी ती रडकुंडीला आली, "बाई, माझ्या मागं कावून लागलीस?" बबिता म्हणाली, "तू हरवलीस तर मला बोल लागंल." तोवर इकडे आमच्या दहाच पोरी खेळत होत्या, आणि त्या दहाजणींनीच गोल केला! सांगायला मी शेजारी वळले. हे जाऊन चार वर्षं झाली, तरी वळतेच. मग पदर खोचला आणि दोघांच्या वाटचं एकटीच ओरडले. पंचानं मला दहा पावलं मागं सरकवलं.

पण गुरुवारी बबिताचं बिऱ्हाड मेंढरांमागं निघून गेलं. मेंढरं चारा बघून हलतात, स्पर्धा बघून नाही. राहिल्या दहा. प्रिया जेवताना ताटात शेंगदाणे मांडून खेळ आखते आणि अकरावा मुकाट्यानं खाऊन टाकते. मला ते बघवत नाही.

बाकी सगळं ठीक. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची धाकटी,
कडू

ता. क. खरं काम राहिलंच. तुमच्या अंजूला तुम्ही लोणच्याला हातभार म्हणून माझ्याकडं धाडलंत. लोणचं ती यायच्या आधीच घालून झालं होतं. पोरगी डाव्या पायानं मारते, दादा, थेट बांधापलीकडं! सोबत संमतीचा कागद आहे, त्यावर वडिलांचीच सही चालते. पत्र आणणारा नाथा सहीसाठी थांबेल, त्याला चहा द्या.

ता. क. दुसरा. वहिनींवर रागावू नका, त्यांना यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. फक्त त्यांना एवढं सांगा, अंजूच्या फुटबॉलच्या बुटांच्या नाड्या धुऊन वाळत घातल्या होत्या त्या तिथंच राहिल्या, तेवढ्या नाथाजवळ द्या.