आर्डिसच्या मनगटाबद्दल

मी, व्हर्ना हाल्वरसन, वय एकोणऐंशी, कै. लॉईड हाल्वरसन यांची पत्नी, धंदा रिव्हॉल्व्हरच्या लाकडी मुठी कोरण्याचा, राहणार स्टोनी फोर्क, मोंटाना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणंघेणं नाही असं वकिलांनी सांगितलं. माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. तशी हिंमत असलेला माणूस या खोऱ्यात उरलेला नाही. याआधी लिहिलेली सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत, विशेषतः १९८८ साली लॉईडशी भांडण झाल्यावर रागाच्या भरात लिहिलेलं.

हा सगळा खटाटोप खरं तर एकाच गोष्टीसाठी आहे. माझी धाकटी बहीण आर्डिस, हिच्या उजव्या मनगटाबद्दलची खरी हकिकत मला जाण्याआधी लिहून ठेवायची आहे. ती लिहायची मला भीती वाटते. म्हणून आधी घर, मग हत्यारं, आणि हात जरा सरावला की मनगट.

कलम १. घर, आवार आणि लाकडांची शेड जोलीनला द्यावी. जोलीन ही आर्डिसची मुलगी. ती जंगलखात्यात आहे आणि अस्वलं मोजते, तेव्हा या घरातल्या उंदरांना ती घाबरणार नाही. पोर्चची तिसरी पायरी कुजलेली आहे. ती मी मुद्दामच दुरुस्त केलेली नाही. दारावर वस्तू विकायला येणारे तिथपर्यंत येतात आणि परत जातात. जोलीनला माणसांची आवड असेल तर तिने पायरी बदलावी.

बँकेत जे काही असेल तेही जोलीनलाच.

कलम २. कोरायची सर्व हत्यारं, कानशी आणि अक्रोडाच्या लाकडाचे सगळे ठोकळे लीलँड ओडन याला. लीलँड माझ्याकडेच शिकला आणि मग रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटून बसला. त्याच्या मुठी लग्नातल्या केकसारख्या सुंदर असतात, आणि गोळी सुटली की तळहाताचा केक होतो. लीलँड, बाबा, शेवटचं सांगते. मुठीचा मागचा भाग रुंद ठेव, म्हणजे धक्का सगळ्या तळव्यावर पसरतो. नक्षीच्या रेघा बोथट कर. गिऱ्हाईक फोटो काढायला एकदाच घेतं, झाडायला पुन्हापुन्हा घेतं.

कलम ३. लॉईडचा मासेमारीचा गळ आणि त्याची पेटी माझे मेहुणे ऑर्व्हिल सोल्बर्ग, म्हणजे आर्डिसचे यजमान, यांना. नदीवर माणूस तोंड मिटून बसतो असं ऐकलं आहे. ऑर्व्हिलच्या बाबतीत हा प्रयोग करून बघण्यासारखा आहे.

ऑर्व्हिलशी माझा जुना हिशोब आहे, तोही इथेच मिटवते. १९७० साली माझं नुकतंच लग्न झालं होतं. पिकनिकला ऑर्व्हिलनं आपलं चव्वेचाळीस कॅलिबरचं रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. त्या काळी त्याहून दांडगं कुणाकडे नव्हतं.

"काही नाही गं, जरासं ढकलतं," तो म्हणाला.

बाकीचे पुरुष ट्रकला टेकून वाट बघत उभे राहिले, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी चाप ओढला. नळी वर उसळली आणि तिचं टोक माझ्या कपाळावर आदळलं. चार टाके पडले. ऑर्व्हिल इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. नवख्या माणसाच्या हातात, त्यातून बाई असेल तर आनंदानेच, सगळ्यात जड काडतूस द्यायचं आणि गंमत बघायची, ही आमच्याकडची जुनी खोड आहे. त्या दिवशी मी ठरवलं की हा धक्का मी शिकेन आणि या सगळ्यांना शिकवेन. शिकवलंही. ऑर्व्हिलला मात्र शिकवता आलं नाही. तो अजूनही डोळे मिटून झाडतो. आत्तापर्यंत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

कलम ४. माझं मोठं रिव्हॉल्व्हर, पाच गोळ्यांचं, अर्ध्या इंचाच्या तोंडाचं, वजन साडेचार पौंड, हेही जोलीनला. ती एकटी रानात जाते. अस्वलाला हुसकवायचा मिरचीचा फवारा आधी वापरावा, रिव्हॉल्व्हर नंतर, आणि दोन्हींची वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे. सोबत पुढील सूचना, ज्या मी पन्नास वर्षं दर शनिवारी रायफल क्लबमध्ये ओरडून सांगत आले.

जोलीन, पहिल्यांदा एकच काडतूस भरायचं. पाचही घरं भरून नवख्याच्या हातात कधी द्यायचं नाही. धक्क्यानं हात दचकतो, बोट आपोआप पुन्हा आवळतं, आणि दुसरी गोळी आभाळात किंवा त्याहून वाईट ठिकाणी जाते. मूठ जितकी वर धरता येईल तितकी वर धर. दुसरा हात पहिल्यावर घट्ट गुंडाळ, अंगठे काडतुसांच्या फिरत्या चक्रापासून लांब. तिथल्या फटीतून निघणारी आग बोट कापते. कोपरं किंचित वाकलेली, वजन पुढच्या पायावर, कानात बोळे आणि वरून टोपणंही. आणि मुख्य म्हणजे धक्का अडवायला जाऊ नकोस. तो येणारच आहे. मूठ पक्की धर, हात वर जाऊ दे आणि मग खाली आण. पाच गोळ्या झाल्या की बंद कर आणि कॉफी पी. थकलेला हात खोटं बोलतो.

मागे एक सव्वासहा फुटी गृहस्थ शिकायला आले होते. पहिलं एकच काडतूस भरून त्यांच्याकडून झाडून घेतलं होतं.

"बाई, मला शिकवू नका," ते म्हणाले. "मी बैल शिंगाला धरून पाडतो."

"छान," मी म्हटलं, "मग हे पाच वेळा झाडा."

मी पाचातलं तिसरं काडतूस रिकामं घातलं होतं. पहिले दोन बार झाले. तिसऱ्याला नुसतंच खट् झालं, धक्का आलाच नाही, तरी त्यांच्या हातातली नळी वीतभर खाली गेली आणि डोळे गच्च मिटले.

"बैल कुठाय?" मी विचारलं.

ते मान खाली घालून हसले आणि पुढले सहा शनिवार आले. न आलेल्या धक्क्याला माणूस किती दबतो ते असं कळतं. हे मी शेकडो लोकांना दाखवलं. स्वतःचं मात्र एकतीस वर्षं झाकून ठेवलं. आता आणखी टाळत नाही.

कलम ५. १९९४ साली ऑक्टोबरात ऑर्व्हिल हरणांच्या शिकारीला निघाला होता आणि आर्डिस त्याच्याबरोबर तळावर राहणार होती. त्या भागात अस्वल दिसलं होतं. ती माझ्याकडे आली.

"मला तू शिकव," ती म्हणाली. "ऑर्व्हिल नको. तो हसतो."

मी तेव्हा काडतुसं घरीच भरायचे, कमी दारूची हलकी आणि जास्त दारूची जड. नखांना मी कधी नेलपॉलिश लावलं नाही, पण काडतुसांना लावायचे: हलक्यांच्या बुडाला हिरवं, जडांच्या बुडाला लाल. जड आधी रंगवायचे, हलकी नंतर. त्या सकाळी मधेच फोन आला आणि माझा क्रम चुकला. एक ट्रे बिनरंगाचा राहिला होता. तो हलक्यांचा असणार असं मी धरून चालले. पाहिलं नाही, तपासलं नाही. ट्रेमधलं एक काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये भरलं आणि ते आर्डिसच्या हातात दिलं.

"हलकं आहे," मी म्हटलं. "ताठ होऊ नकोस. हात मोकळा ठेव."

तिने माझं ऐकलं. अगदी सांगितलं तसं केलं. आवाज झाला त्या क्षणी मला कळलं की ते जड होतं. रिव्हॉल्व्हर तिच्या डोक्यावरून मागे गेलं आणि तिच्या मनगटातली दोन हाडं मोडली. आवाजात ते ऐकू आलं नाही, मी ते पाहिलं.

हॉस्पिटलच्या वाटेवर ट्रकमध्ये तिने हात मांडीवर धरला होता. रडत नव्हती. तिने विचारलं, "व्हर्ना, माझं काय चुकलं गं?"

मी म्हटलं, "मनगट सैल सोडलंस."

एवढंच. तीन शब्द. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर मी ते पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय बोलले. माझ्याकडे शिकायला दहा जिल्ह्यांतून लोक येत, आणि मी ट्रे तपासला नाही हे मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

आर्डिस आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, वयाच्या सतराव्या वर्षापासून. मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं वळेना. वर्षभर तिने प्रयत्न केला आणि मग सोडून दिलं. त्यानंतर चर्चमध्ये कॅसेट लागली. मी दर रविवारी दुसऱ्या बाकावर बसून ती ऐकली.

आणि दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीवरचा रस्सा तिच्याकडे सरकवताना ऑर्व्हिल म्हणायचा, "दोन्ही हातांनी धर गं बाई, मनगट सैल सोडशील नाहीतर!" सगळे हसायचे. आर्डिससुद्धा हसायची. मीही हसले, एकतीस वेळा. ज्या हसण्यावरून मी आयुष्यभर लोकांना झापलं, ते मीच माझ्या बहिणीच्या वाट्याला वाढून ठेवलं होतं.

तरी मी असं जाहीर करते की आर्डिसचं काही चुकलं नव्हतं. तिने रिव्हॉल्व्हर मी सांगितलं तसंच धरलं होतं. चूक माझी होती आणि खोटंही माझं. हे कलम माझ्या मागे रायफल क्लबमध्ये आणि ऑर्व्हिलच्या जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचावं. आर्डिस, मला माफ कर. मला लाज वाटते.

कलम ६. आर्डिसला मी काहीही ठेवत नाही आणि हे विचारपूर्वक करते आहे. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार म्हणून तीच हवी आहे. मी मेल्यावर कळण्यापेक्षा तिला आत्ता कळावं. हा कागद शेजारचे मर्ल स्कार तिच्याकडे पुलापलीकडे पोचवतील. मी स्वतः गेले असते, पण गुडघे.

(सही) व्हर्ना हाल्वरसन
स्थळ: स्टोनी फोर्क. मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: मर्ल स्कार, शेजारी. सही माझ्यासमोर झाली. आतला मजकूर मी वाचलेला नाही. पहिलं पान तेवढं वाचलं. व्हर्ना, त्या पायरीवरून मी दोनदा पडलोय.

साक्षीदार २: वाचलं. दोनदा वाचलं. सही करत नाही. साक्षीदारानं सही होताना डोळ्यांनी बघितलेली असावी लागते, एवढा कायदा मलाही कळतो. मी काही बघितलेलं नाही. आणि गुडघ्यांचं मला सांगू नकोस. परवा तू लीलँडच्या दुकानापर्यंत चालत गेलीस त्याच्या मुठींना नावं ठेवायला. इथं ये आणि हे सगळं तोंडानं बोल. ऑर्व्हिललाही समोर बसवते. — आर्डिस

भर: वरील शेरा मिळाल्यावर मी शुक्रवारी पुलापलीकडे गेले. आर्डिसच्या घरात आलेल्या कुणालाही आधी कॉफी मिळते, रस्ता चुकलेल्यालासुद्धा. मला दिली नाही. मी उभ्यानेच बोलले. ट्रेपासून ट्रकपर्यंत सगळं सांगितलं. मध्ये एकदा थांबले तेव्हा ती म्हणाली, "पुढे." मी पुढे सांगितलं.

ऑर्व्हिल म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी जेवताना..."

"हो," आर्डिस म्हणाली. "तू."

तो उठून मागच्या अंगणात गेला आणि भर दुपारी, काही गरज नसताना, लाकडं फोडत बसला.

"मी तुला विचारलं होतं, व्हर्ना," आर्डिस म्हणाली. "सरळ विचारलं होतं. मी या हाताला किती शिव्या दिल्यात तुला माहीत आहे? तो बिचारा काहीच बोलू शकत नव्हता."

मी रडले. ती रडली नाही. तिने पेन माझ्यापुढे टाकलं. "कर सही. आता मी बघते आहे."

(पुन्हा सही) व्हर्ना हाल्वरसन
स्थळ: आर्डिसचं स्वयंपाकघर. शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

साक्षीदार १: मर्ल स्कार. मलाही बोलावून घेतलं. ही सहीही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: आर्डिस सोल्बर्ग. सही माझ्यासमोर झाली. व्हर्ना पूर्ण शुद्धीवर आहे, असं मी लिहून देते. मी तिच्यावर अतिशय रागावलेली आहे, आणि हा राग नीट काढायला मला निदान दहा हिवाळे लागतील. तोवर हे मृत्युपत्र कोणीही उघडू नये, आणि व्हर्नानं तर मुळीच घाई करू नये.