दोन नंबरच्या खोलीतली शीळ

ती. दादास,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण हल्ली वाकलं की दम लागतो, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझी कंबर कशी आहे? वहिनीची पथ्यं अजून चालू आहेत, की तू चोरून खायला लागलास? आमच्याकडे सगळे बरे. मीही ठणठणीत, हे मेसेजवर तुला तीनदा कळवलंय, इथे चौथ्यांदा लिहितो. (गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने मी जवळजवळ निघालोच होतो, तेव्हा तू स्वतः माझ्या घशात नळी घालून अठरा दिवस मला मशीनवर जगवलंस, हे मी भेटेल त्याला सांगतो. लोक आता मला बघून रस्ता बदलतात.)

पत्राचं कारण असं की आमच्या दोन नंबरच्या ऑपरेशन थिएटरात भूत आहे. हसू नकोस. तू भूल देणारा डॉक्टर, मी भुलीच्या मशीन सांभाळणारा तंत्रज्ञ, आणि बावीस वर्षांत मोजता न येणारी एकही गोष्ट मी मानलेली नाही. पण ही मी माझ्या कानांनी ऐकली. सकाळी साडेसातला, पेशंट यायच्या आधी, मी मशीन तपासायला जातो. अर्धेच दिवे लावलेले, टेबल रिकामं, आणि कुठूनतरी बारीक शीळ येते. लांब, ओलसर, मध्येच तुटणारी. कोणी फुंकल्यासारखी नाही, आत ओढून घेतल्यासारखी. आता शीळ म्हणजे आमच्या धंद्यात गळती, आणि गळती म्हणजे पेशंटच्या वाट्याचा ऑक्सिजन खोलीला मिळणार. टेबलावर कोणी निळं पडलं की सगळ्यांचे हात आधी माझ्या गचांडीला.

मग मी हात धुऊन तिच्या मागे लागलो. साबणाचा फेस करून एकेका सांध्याला फासला, म्हणजे गळती असेल तिथे बुडबुडा येतो. एक बुडबुडा आला असेल तर शपथ! सगळ्या नळ्या बदलल्या. शिडीवर चढून छतालगतचे पाइप पाहिले, तर वर शीळ दुप्पट. म्हटलं, सापडली. उतरून स्टुलावर पाच मिनिटं टेकलो, तर तीही मंदावली. आणि खरा हरामखोरपणा पुढेच आहे. नीट ऐकायला म्हणून मी श्वास रोखला की ती गप्प, आणि मी पुन्हा श्वास घेतला की आलीच मानेपाशी. मी कान लावलाय हे तिला कळत होतं, दादा. सफाईवाल्या मावशींचं म्हणणं पडलं की आमचे आधीचे तंत्रज्ञ शीळ घालत काम करायचे, तेच परत आले असणार. (ते जिवंत आहेत. मुलीकडे राहतात. मी फोन करून खात्री करून घेतली, तर माझ्यावरच भडकले.) पुढच्या आठवड्यात ती खोली सोडून बोळात आली, मग जिन्यात. तीन मजले माझ्यामागून चढायची आणि मी कठड्याला टेकलो की टेकायची. मी देवाचं नाव घ्यायला लागलो, यावरून काय ते समज.

बुधवारी नव्या परिचारिकांचा वर्ग होता. माझा नेहमीचा धडा: नळीची लांबी दुप्पट केली तर वाहणं निम्मं होतं, पण भोक निम्मं केलं तर थेट सोळाव्या हिश्शावर येतं, मग ते सलाइन असो की हवा. हे फळ्यावर लिहून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून मी प्रत्येकीच्या हातात तान्ह्या बाळांची एकेक कोरी नळी दिली आणि नाक धरून तिच्यातून मिनिटभर श्वास घ्यायला लावला. बारा जणी, बारा नळ्या. ओढायला लागल्या आणि दादा, सगळी खोली त्याच शिळेने भरून गेली. कसंबसं म्हटलं, पुरे, काढा. सगळ्यांनी नळ्या काढल्या. एक शीळ चालूच राहिली. बारा जणी माझ्याकडे बघत होत्या.

भुलीच्या मॅडम शेजारच्याच खोलीत होत्या. त्या आल्या, स्टेथोस्कोप गळ्यात होताच, तो त्यांनी मशीनला न लावता माझ्या कंठाला लावला. बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "काका, मशीन चांगलं आहे." स्कॅनमध्ये दिसलं ते असं की आवाजाच्या पेटीखाली जुन्या जखमेचा व्रण आवळत आवळत गेलाय. अठरा मिलिमीटरची श्वासनलिका तिथे सहावर आलीय. येत्या गुरुवारी तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडणार आहेत. म्हणजे भूत पकडलं एकदाचं. वहिनीला काही सांगू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. – मॅडमनी विचारलं, हिवाळ्यात नळी कितीची घातली होती? आठवत नाही म्हटलं. खोटं बोललो. तुझ्या अक्षरात कागदावर 'नऊ' आहे. साडेसात मिलिमीटरची पुरली असती, जाड नळीनेच आत घासून व्रण केला, हे तुलाही कळेल, म्हणून आधीच सांगतो: माझी छाती कफाने गच्च भरली होती आणि तू भावाला रुंदातली रुंद वाट दिलीस. बारीक नळीने मी हिवाळाच काढला नसता. तेव्हा तोंड पाडून बसायचं नाही.

ता. क. २ – खरं काम हे. गुरुवारी माझ्या उशाशी तूच उभा राहा. मॅडम हो म्हणाल्यात. नळी पाचची लागेल. तिच्यातून हवा आत ढकलता येते, पण बाहेर यायला वेळ घेते, तेव्हा तुझा घायकुता स्वभाव घरी ठेवून ये. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली मला झोपायची भीती वाटते. हे फोनवरच सांगणार होतो, पण तुला ती शीळ ऐकू गेली असती.

ता. क. ३ – बायकोने पत्र वाचलं. तिला म्हणे दोन महिन्यांपासून ऐकू येतेय. बोलली नाही, कारण ती स्वयंपाकघरात असताना आतून शीळ येत राहिली की मी आहे हे तिला कळतं. आज दुपारी जेवून लवंडलो होतो, तर शीळ मध्येच थांबली. बायको हातातलं पातेलं टाकून धावत आली आणि तिने मला गदागदा हलवलं. मला यातलं काहीच आठवत नाही. पत्र मेहुण्याच्या हाती धाडतोय. गुरुवारची वाट बघू नकोस दादा, त्याच्याच गाडीत बस.